गायकवाड बाईंचे तीन सेकंद

गायकवाड बाईंच्या टेबलावर पेनं ठेवायला एक स्टीलचा पेला होता. साधाच, काठाला पोचा आलेला. तो तिथे का आहे हे नव्या माणसाला कळायला साधारण महिना लागायचा. बाई आमच्या कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये नोकरीला लागल्या त्या पंचकार्डांच्या काळात, कॉम्प्युटरला भोकं पाडलेली कार्डं भरवायचे तेव्हा. पहिल्याच दिवशी कँटीनच्या माणसाने बाकी सगळ्यांना कपबशीत चहा दिला आणि बाईंना त्या पेल्यात. बाई भिसेगावच्या, वडील रेल्वेत गँगमन, घरानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतलेला. पेल्याचा अर्थ त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी चहा प्यायला, पेला धुतला, पुसला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. पुढे स्वतःचं टेबल मिळालं तेव्हा तो पेला वर आला. कुणी पाहुणे आले की कँटीनचा माणूस ट्रे घेऊन यायचा, आणि त्याला ट्रे नेमका त्या पेल्याशेजारीच टेकवावा लागायचा, कारण उरलेल्या टेबलावर बाई मुद्दाम कागद पसरून ठेवायच्या. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. एकदा तो माणूस माझ्यादेखत म्हणाला, "बाई, द्या की आता तो पेला. कँटीनचा हाय." बाई मान वर न करता म्हणाल्या, "कँटीनचा नाय, माझा हाय. तूच दिलास."

लोक म्हणायचे, बाई डूख धरतात. धरायच्याच. मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं काम केलं आणि त्यांनी माझ्यावरही डूख धरला, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. दिसायला अगदी साध्या. बुटक्या, जाड काचांचा चष्मा, सुती साडी, पायात रबरी चप्पल. आवाज कधी चढायचा नाही. उलट रागावल्या की गोड व्हायच्या, अहो-जाहो करायच्या. मला नुसतं 'विलास' म्हणत तोवर मी निर्धास्त असायचो. 'विलासराव' म्हटलं की मी केलेलं काम पुन्हा तपासायला घ्यायचो.

आमचा कारखाना रंगांचा, खालापूरच्या बाजूला. एका टोकाला लॅब, दुसऱ्या टोकाला रंग मिसळायची शेड, मध्ये तीनशे मीटरचा चर आणि चरातून गेलेली जाड पिवळी केबल. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि आमच्याकडे युनिक्सवर चालणारी दोन कॉम्प्युटर मशिनं आली होती, एक लॅबमध्ये, एक शेडमध्ये. कुठल्या रंगात काय किती घालायचं ती प्रमाणं लॅबच्या मशीनच्या डिस्कवर असायची. ती शेडमधल्या पडद्यावर दिसावीत म्हणून बाईंनी लॅबची डिरेक्टरी, म्हणजे फाइलींचा कप्पा, शेडच्या मशीनवर माउंट केली होती. म्हणजे फाइल असायची लॅबमध्ये, पण शेडच्या मशीनला वाटायचं की ती आपल्याच घरात आहे. तालुक्यात तेव्हा हे काम करणारं दुसरं कुणी असेल असं मला वाटत नाही. बाईंनी ते तीन जाडजूड इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी शेजारी घेऊन वाचून, स्वतःच शिकून केलं होतं.

यात एक मेख होती, आणि पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं. प्रत्येक वेळी केबलवरून लॅबपर्यंत जाऊन यायचं म्हणजे वेळ जातो. म्हणून शेडचं मशीन एकदा वाचलेली फाइल आपल्या मेमरीत धरून ठेवायचं आणि पुन्हा मागितली की तीच दाखवायचं. मध्ये मध्ये फक्त लॅबला विचारायचं, काही बदललंय का? किती वेळानं विचारायचं तो आकडा माउंटच्या ओळीत आपण लिहायचा. बाईंचा आकडा होता तीन. दर तीन सेकंदांनी विचार. त्यामुळे शेडचा पडदा जरा रेंगाळायचा, आणि शेडवाले कुरकुर करायचे. बाई त्यांना सांगायच्या, "मशीन आठवणीतलं सांगतं रं. आठवणीतलं खोटं नसतं, पण जुनं असू शकतं. म्हणून विचारत राहायचं."

त्यांचा दुसरा हट्ट असाच. माउंट करायचे दोन प्रकार असतात. एकात, समोरचं मशीन गप्प झालं तर हे मशीन थोडा वेळ वाट बघतं आणि हात वर करतं. दुसऱ्यात ते हात वर करतच नाही. समोरचं जागं होईपर्यंत विचारत राहतं आणि पडद्यावर इंग्रजीत ओळ येते: सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. चरात पाणी शिरलं की ती ओळ तासन्‌तास पडद्यावर असायची आणि बाईंना ती मनापासून आवडायची. मुंबईहून मशीन बसवायला आलेल्या एका इंजिनिअरनं त्यांना न विचारता पहिला प्रकार लावून दिला, लोकांची ओरड नको म्हणून. त्या आठवड्यात मालाचा रिपोर्ट अर्धाच छापला गेला आणि कुणाला पत्ता नाही. मशीननं मध्येच हात वर केले होते आणि प्रोग्रॅमला वाटलं फाइल एवढीच आहे. बाईंनी इंजिनिअरला परत बोलावलं. ओळ त्याच्याच हातून दुरुस्त करून घेतली, मग केबल काढ, लाव, काढ, लाव, असं दहा वेळा त्याच्याकडून तपासून घेतलं. त्याची गाडी गेली. "पुढची आहे की हो, बसा ना," बाई म्हणाल्या. पुढचीही गेली. मी खिडकीकडे तोंड करून हसत होतो. बाई हसत नव्हत्या.

आता सबनीस. आमचे मॅनेजर. त्यांच्याबद्दल मी चांगलं बोलणार नाही. बरीच वर्षं झाली, ते असतील-नसतील, तरी नाही बोलणार. देखणा माणूस, घारे डोळे, कडक इस्त्री, जिभेवर साखर. चूक कुणाच्या नावावर टाकायची हे त्यांना चूक व्हायच्या आधीच ठाऊक असायचं. बाईंना ते तोंडावर 'आमच्या गायकवाड मॅडम' म्हणत आणि मुंबईला फोनवर 'ती आमची ऑपरेटर' म्हणत. फोन आमच्याच खोलीत होता.

आणि लक्ष्मण दरवडा. कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथला. शेडमध्ये मिसळणीवर होता. वाडीतला पहिला कायम नोकरीवाला. त्याचं काम बघून वाडीतली आणखी चार माणसं रोजंदारीवर घेतली होती आणि त्यांना कायम करायचं चाललं होतं. लक्ष्मणला अक्षरं येत नसत, आकडे येत. पडद्यावर कितव्या ओळीला काय असतं ते त्याला पाठ होतं. बोलायचा कमी, पण डब्याचं झाकण उघडून नुसत्या वासावर माल सांगायचा. बाईंना तो आवडायचा, कारण अख्ख्या कारखान्यात पडद्यावरचा आकडा खरा कशावरून, असं विचारणारा तो एकटा होता. त्याच्याशी बोलताना बाईंची कॉम्प्युटर रूममधली भाषा गळून पडायची आणि भिसेगावची वर यायची.

त्या जुलैत बाईंच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि बाईंनी चार दिवसांची रजा घेतली. जाताना रूटचा पासवर्ड मला देऊन गेल्या. रूटचा पासवर्ड म्हणजे मशीनच्या सगळ्या किल्ल्या. "माउंटच्या ओळीला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "तीन म्हणजे तीन." मी मान डोलावली. माझ्यावर कुणी एवढा विश्वास पहिल्यांदाच टाकला होता आणि मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

दुसऱ्याच दिवशी सबनीस आले. शेडचा पडदा किती रडत चालतो म्हणून मुंबईहून त्यांना विचारणा झाली होती. "किती वेळानं विचारतं हे?" त्यांनी मला विचारलं.

"तीन सेकंदांनी, साहेब."

"कशाला? प्रमाणं काय रोज बदलतात? चोवीस तास कर."

"बाईंनी सांगितलंय..."

"कारखाना बाई चालवतात का?"

मी ओळ उघडली आणि तीनच्या जागी शहाऐंशी हजार चारशे टाकलं. चोवीस तासांचे तेवढे सेकंद होतात. पडदा पळायला लागला. शेडमधून कुणीतरी शीळ घातली. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी ड्रायरचा नवा माल आला. ड्रायर म्हणजे रंग सुकवणारं द्रव्य. जास्त पडलं की रंग टाकीतच आळतो. नवा माल जुन्याच्या तिप्पट कडक होता, म्हणून केमिस्टनं लॅबमध्ये बसून नऊ किलोचे तीन केले. लॅबच्या पडद्यावर तीन दिसायला लागले. शेडच्या मशीननं मात्र सकाळीच फाइल वाचून ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत ते कुणाला काही विचारणार नव्हतं. त्याच्या पडद्यावर नऊच. लक्ष्मणनं नवा डबा उघडला, वास घेतला आणि सुपरवायझरला म्हणाला, "साहेब, ह्यो डायर लई उग्र हाय. नऊ जास्ती वाटतंय."

"पडद्यावर किती आहे?" सुपरवायझरनं विचारलं.

"नऊ."

"मग नऊ घाल ना. तू केमिस्ट आहेस का?"

दुपारपर्यंत टाकीतला सगळा रंग आळून बसला. पुढे छिन्नी-हातोडा घेऊन चार दिवस तो फोडून काढायला लागला.

सबनीस धावत आले. पडदा बघितला, लॅबला फोन केला, मग माझ्याकडे बघितलं. माणूस हुशार होता, त्याला क्षणात कळलं. मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, "ओळ होती तशी कर. मशीन बंद करून चालू कर. आत्ताच्या आत्ता." मी केलं. मशीन बंद झालं तशी मेमरी पुसली गेली, चालू झालं तसं त्यानं लॅबला विचारलं, आणि पडद्यावर तीन आले. मग साहेबांनी सगळी शेड गोळा केली आणि लक्ष्मणला पडद्यासमोर उभं केलं.

"हा आकडा किती?"

"तीन."

"आणि तू किती घातलेस?"

"नऊ. पन तवा नऊच व्हता, साहेब."

लोक हसले. लक्ष्मण पुन्हा म्हणाला, नऊच व्हता. मग त्यानं सुपरवायझरकडे बघितलं. सुपरवायझर आपले बूट बघत होता. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. "वाडीवाल्यांना मशीन कळत नाही," सबनीस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चूक त्यांची नाही, घेणाऱ्यांची आहे." संध्याकाळच्या आत लक्ष्मणला आणि त्याच्या मागच्या चौघांनाही गेटबाहेर काढलं. यापुढे वाडीतलं माणूस आत घ्यायचं नाही, असं गेटवरच्या वॉचमनला तोंडी सांगून ठेवलं.

बाई रजेवरून आल्या तेव्हा ही हकीकत त्यांना बसमध्येच कळली होती. पर्स खाली न ठेवता त्यांनी माउंटची फाइल बघितली. आकडा तीनच होता. मग तारीख बघितली. युनिक्स प्रत्येक फाइलवर ती शेवटची कधी बदलली ते लिहून ठेवतं, आणि ही टाकी आळली त्याच दुपारी बदललेली होती. हे पुसायचं साहेबांना सुचलं नव्हतं, आणि मला सुचायची अक्कल नव्हती.

"विलासराव," बाई म्हणाल्या, "माझ्या रजेत या फाइलला कुणी हात लावला हो?"

"माहीत नाही, बाई."

"बरं हं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पासवर्ड बदलला. नवा मला कधीच सांगितला नाही.

मला वाटलं आता बाई भांडतील, वर पत्र लिहितील. काहीच केलं नाही. नुसत्या तारखेवरून काय सिद्ध होणार होतं? तारीख तर बाईंच्याच मशीनवरची, आणि नऊचा आकडा ज्या मेमरीत होता ती मी माझ्या हातानं पुसली होती. बोलल्या असत्या तर साहेबांनी त्यांनाही लक्ष्मणच्या रांगेत बसवलं असतं. म्हणून बाई गोड झाल्या. साहेबांना गुड मॉर्निंग. साहेबांच्या मुलीला बारावीत किती पडले, याची चौकशी. साहेबांना वाटलं, बाई निवळल्या. मला मात्र रोज सकाळी खोलीत शिरताना धडकी भरायची.

एकदा लक्ष्मण गेटवर आला होता. आत सोडत नव्हते म्हणून बाईच बाहेर गेल्या. मी मागे होतो.

"बाई, म्या नऊच पायला."

"मला म्हाईत हाय रं. थांब."

"किती थांबू? आता गवत कापायला जातोय. चौघांच्या घरवाल्या मला बोलत्यात, तुज्यापायी आमचं बी गेलं."

"मी सांगंन तवर थांब."

तो गेला आणि बाई त्याच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. रस्ता मोकळा होता, ऐकायला कुणी नव्हतं. मी वळून आत गेलो.

ऑक्टोबरमध्ये मुंबईहून डायरेक्टर येणार असं ठरलं. साहेबांना त्यांना नवी यंत्रणा दाखवायची होती आणि त्यावर मुंबईची बढती मिळवायची होती. दोन दिवस आधी ते आमच्या खोलीत आले. "मॅडम, तो शेडचा पडदा त्या दिवशी झटपट चालला पाहिजे. चोवीस तासांचं करा."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "चोवीस तास? अहो साहेब, असं आपल्याकडे कधी कुणी केलेलं नाही. मशीन बिघडलं म्हणजे? मला बाई भीती वाटते."

बाईंना भीती वाटते हे वाक्य मी तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मी टायपिंग थांबवलं.

"केलेलं आहे हो. काही होत नाही," साहेब म्हणाले.

"मग तसं लिहून द्या ना दोन ओळी. माझ्या जिवाला बरं."

साहेब हसले. समोरचं पेन उचललं आणि उभ्याउभ्याच लिहिलं: शेडच्या मशीनवर जुलैमध्ये केले होते त्याप्रमाणे चोवीस तासांचे सेटिंग करावे. खाली झोकदार सही. माणूस इतका बेसावध कसा, असं मला तेव्हा वाटलं. आता कळतं. लक्ष्मण त्यांच्या डोक्यातून केव्हाच गेला होता. तीन महिन्यांत त्यांना तो एकदाही आठवला नव्हता, आणि बाईंनी नेमकं हेच धरलं होतं. मला आजही त्या कागदाची आठवण आली की गोड वाटतं. सूड चांगला नसतो वगैरे मला कुणी सांगू नये.

डायरेक्टर आले. शेडमध्ये खुर्च्या मांडल्या, केमिस्ट लॅबमध्ये फोनपाशी. साहेबांनी रंगाचं नाव सांगावं आणि मी बटण दाबताच प्रमाण पडद्यावर यावं. फटाफट चाललं होतं. डायरेक्टर खूश झाले, साहेबांची छाती फुगली. तेव्हा बाई पुढे आल्या. "सर, लॅबमधून एखादा आकडा बदलायला सांगू का? इथे कसा दिसतो ते बघा ना."

साहेबांचा चेहरा मी बघत होतो. त्यांना आत्ता, त्या क्षणी आठवलं. पण डायरेक्टर 'जरूर, जरूर' म्हणून बसले होते. बाईंनी फोन उचलून केमिस्टला सांगितलं, ड्रायरचे तीन आहेत ते पाच करा. केले, असं पलीकडून आलं. "विलासराव, दाखवा," बाई म्हणाल्या. मी बटण दाबलं. तीन. पुन्हा दाबलं. तीन. डायरेक्टर उठून पडद्याजवळ आले. फोन स्वतः घेतला, केमिस्टला विचारलं. लॅबमध्ये पाच.

"हे कधी बदलणार?"

"उद्या सकाळी, सर. साहेबांचा लेखी हुकूम आहे." बाईंनी कागद त्यांच्या हातात दिला.

डायरेक्टरांनी कागद दोनदा वाचला. "जुलैमध्ये केलं होतं म्हणजे?"

"ते विलासराव सांगतील," बाई म्हणाल्या. "टाईप त्यांनी केलं होतं."

अख्खी शेड माझ्याकडे बघायला लागली. साहेबांचे घारे डोळे माझ्यावर. मला कडावचं आमचं घर दिसलं, आई दिसली, सुटलेली नोकरी दिसली. पण खरं सांगतो, मला साहेबांपेक्षा बाईंची जास्त भीती वाटली. मी शौर्यानं बोललो असं कुणी समजू नये. "साहेबांनी सांगितलं म्हणून मी चोवीस तासांचं केलं," मी म्हणालो. "टाकी आळली त्या दिवशी इथे नऊच दिसत होते. मग साहेबांनी मशीन बंद करून चालू करायला लावलं."

"लक्ष्मण दरवडा," बाई डायरेक्टरांना म्हणाल्या. "त्याचं नाव लक्ष्मण दरवडा. त्याच्याबरोबर आणखी चौघं."

डायरेक्टर हिशेबी माणूस होते, पण सरळ होते. पाचही जणांना परत घ्या, उद्याच पत्रं पाठवा, म्हणाले. बाईंनी मान हलवली. "पत्र नको, सर. त्यांना वाचता येत नाही. काढलं ते साहेबांनी तोंडी काढलं, इथे, सगळ्यांसमोर. बोलवायचंही तोंडी. त्यांच्या वाडीत, त्यांच्या माणसांसमोर."

डायरेक्टरांनी सबनीसांकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. जा."

तो दिवस मी विसरणार नाही. कोंडाण्यापर्यंत जीप, पुढे पायवाट. ऑक्टोबरचं ऊन, साहेबांच्या पायात चामड्याचे बूट, आणि दर दोनशे पावलांवर साहेब थांबून कमरेवर हात ठेवत होते. बाई रबरी चप्पल घालून पुढे. साहेब थांबले की त्याही थांबायच्या, काही न बोलता त्यांच्याकडे बघायच्या, आणि ते चालायला लागले की चालायला लागायच्या. वाडीत पोचलो तर लक्ष्मण गवताला गेला होता. कुणीतरी बोलावून आणतो म्हणालं. "नको," बाई म्हणाल्या. "त्याचं काम झालं की येईल. साहेबांना घाई नाही." दीड तास साहेब एका दगडावर बसून होते. पोरं भोवती उभी राहून त्यांचा टाय बघत होती.

लक्ष्मण डोक्यावर भारा घेऊन आला. भारा उतरवला, साहेबांना बघितलं, आणि आधी घरात जाऊन तांब्या घेऊन आला. साहेबांनी घटाघटा पाणी प्यायलं. बाई भडकल्या. "पानी मागितलं व्हतं का त्यानं?"

"चढून आलाय मानूस, बाई. घसा सुकला आसंल," लक्ष्मण म्हणाला.

साहेबांनी सगळी वाडी ऐकेल असं सांगितलं: तू नऊ घातलेस ते बरोबर होतं, चूक माझी होती, कामावर ये. हे सांगताना त्यांचा आवाज दोनदा बसला. दोन्ही वेळा बाई म्हणाल्या, "ऐकू आलं नाही मागच्यांना."

लक्ष्मणनं रिकामा तांब्या उचलला. मग बाईंना म्हणाला, "येतो. ते चौघं बी येतील. पन मला तुमचा पडदा नको. आदी कसा लाबमदून मानूस कागुद घेऊन यायचा, आकडं लिवल्याला, तसा द्या. कागदावरचा आकडा कुनी पुसला तर डाग ऱ्हातो."

"अरं, आता तीन सेकंदांचं केलंय मी," बाई म्हणाल्या. "आता कुनी हात लावणार नाय."

"आन्‌ तुमी रजेवर गेल्या म्हंजे?"

 साहेबांना खाली पाडलं तेव्हा त्यांचा चेहरा जसा होता तो आता राहिला नव्हता. उतरताना त्या सगळ्यांच्या मागे राहिल्या.

पाचही जण सोमवारी कामावर आले. सबनीसांची बढती गेली आणि दोन महिन्यांत तेही गेले. निरोपाच्या चहाला बाई आल्या नाहीत. साहेब खोलीत येऊन 'झालं गेलं विसरा, मॅडम' म्हणाले, तर बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि टायपिंग चालू ठेवलं. मला फार समाधान वाटलं.

पण कागद सुरू झाला. लॅबचा शिपाई होता, तो नेऊ शकला असता. बाईंनी त्याला नेऊ दिलं नाही. रोज सकाळी त्या स्वतः लॅबमध्ये जायच्या, केमिस्टसमोर प्रमाणं मोठ्या आकड्यांत कागदावर उतरवायच्या, आणि केबलच्या चराकडेनं तीनशे मीटर चालत शेडमध्ये यायच्या. लक्ष्मण कागद आणि पडदा दोन्ही बघायचा, मग डबा उघडायचा. ज्या मशीनसाठी बाईंनी तीन पुस्तकं पालथी घातली होती त्याच्यावर लक्ष्मणचा भरवसा परत बसला नाही, आणि हे बाईंना रोज सकाळी चालत जाऊन बघावं लागायचं. बाकी सगळ्यांवर डूख धरून झाल्यावर त्यांनी स्वतःवर धरला होता, असं मला वाटतं. पासवर्ड मला त्यांनीच दिला होता ना.

पुढच्या पावसाळ्यात मला पनवेलला नोकरी लागली. शेवटच्या दिवशी सकाळी कागदपत्रं घेऊन बाहेर पडलो तर चराकडेनं बाई येत होत्या. काळी छत्री, साडी वर खोचलेली, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेला.

"बाई, आजचा शेवटचा दिवस."

"कळलं."

"बाई, लक्ष्मणच्या बाबतीत माझं चुकलं." हे म्हणायला मला वर्ष लागलं होतं.

त्यांनी छत्री मागे केली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "मला कशाला सांगतोस, विलास? लक्ष्मण शेडमध्ये आहे. चल, त्याला सांग."

कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला नुसतं विलास म्हटलं होतं. मी शेडकडे बघितलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. "माझी बस आहे, बाई," मी म्हणालो.

त्या आणखी क्षणभर थांबल्या. मग छत्री सावरून शेडकडे चालू लागल्या, कागद भिजू नये म्हणून जरा पुढे वाकून. मी गेटकडे वळलो. बस दहाची होती, आणि तेव्हा नऊही वाजले नव्हते.